तीन आठवड्यांचा उपास नको, तीन वर्षांचा सराव हवा



थंडी पडू लागली की पहाटे पाच-साडेपाचच्या सुमारास आपल्या गावाबाहेरच्या रस्त्यांवर धावणारी मुले दिसू लागतात. कोणाच्या पायात चांगले बूट असतात, कोणाच्या पायात भावाचे जुने बूट, तर कोणी अनवाणीच. संत्र्याच्या बागेला पाणी द्यायला निघालेली मंडळी त्यांना ‘भरतीची पोरं’ म्हणून ओळखतात आणि कौतुकाने बाजूला होऊन वाट देतात. हे दृश्य पाहून आमचाही ऊर भरून येतो. परंतु दोन महिन्यांनी त्याच रस्त्यावर कोणीही नसते. भरती आटोपली की धावणेही आटोपते. जे निवडले गेले ते गेले. जे राहिले ते पुन्हा पानठेल्याच्या बाकावर येऊन बसतात. या विषयावर आम्हांस आज थोडे स्पष्ट लिहावयाचे आहे आणि त्यात आमच्या स्वतःच्या चुकीची कबुलीही द्यावयाची आहे.

काही काळापूर्वीची गोष्ट. आपल्याच शाळेचा एक माजी विद्यार्थी सैन्यभरतीची लेखी परीक्षा उत्तीर्ण झाला. त्याचे नाव आम्ही लिहीत नाही. त्याचीही तशीच इच्छा आहे. मैदानी चाचणीचे बोलावणे आले, तेव्हा त्याचे वजन उंचीच्या मानाने बारा किलोंनी जास्त होते आणि हातात होते तीन आठवडे. त्याने कोणाला विचारले नाही. सकाळी काळा चहा, दुपारी काकडी आणि रात्री काहीही नाही, असा क्रम त्याने धरला. अंगावर दोन स्वेटर चढवून तो धावू लागला. शेवटचे दोन दिवस तर त्याने पाणीसुद्धा तोडले. काट्यावर सात किलो उतरले आणि घरच्यांना वाटले, पोराने जिंकले. प्रत्यक्ष मैदानावर तिसऱ्या फेरीत त्याच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि तो खाली कोसळला. सलाईन लावून त्याला घरी आणावे लागले. पुढे काही दिवसांनी त्याची आई दुसऱ्याच कामाने शाळेत आली होती. जाता जाता ती माउली एवढेच म्हणाली, “माया पोराले कोनंच कसं नाही सांगतलं जी, का असं करू नोको म्हनून?”

या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते. तो मुलगा नववी-दहावीत असताना त्याच्या वर्गाचा खेळाचा तास आम्हीच गणिताला दिला होता. ‘बोर्डाचे वर्ष आहे’ हे कारण तेव्हा सर्वांनाच पटले होते. पालकांनी आमचे आभारही मानले होते. ज्या दोन वर्षांत त्याचे शरीर घडावयाचे, ती आम्ही त्याच्याकडून काढून घेतली आणि मग तीन आठवड्यांत त्याने जमेल तसे केले. दोष एकट्या त्या मुलाचा कसा म्हणता येईल?

आता थोडा हिशोब मांडू. शरीरातील एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७,७०० उष्मांक. आठवड्याला अर्धा किलो, फार तर एक किलो वजन उतरणे हे प्रौढ माणसाच्या प्रकृतीला मानवणारे मानले जाते. अर्ध्या किलोच्या हिशोबाने बारा किलो उतरायला चोवीस आठवडे, म्हणजे जवळजवळ सहा महिने लागतात. मग तीन आठवड्यांत जे सात किलो गेले ते काय होते? त्यात बरेचसे पाणी होते, थोडी चरबी होती आणि काही स्नायूही होते. ज्या मांड्यांच्या बळावर धावायचे त्या मांड्याच त्याने उपासाने बारीक केल्या, आणि रक्तातले पाणी आटवून उभा राहिला. काट्याला चरबी आणि पाणी यांतला फरक कळत नाही. मैदानाला तो तिसऱ्या फेरीत कळतो. उन्हाळ्यात असे केले तर उष्माघाताने जिवावरही बेतू शकते.

शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या आपल्या मुलांना हे वेगळे सांगावयास नको. खांदमळणीच्या दिवशी बैलाला तूप-हळद लावतात, पोळ्याला शिंगे रंगवतात, झूल घालतात. पण वखराला जुंपल्यावर बैल ओढतो तो वर्षभर खाल्लेल्या कडब्या-कुटाराच्या आणि ढेपेच्या बळावर. वर्षभर उपाशी ठेवून पोळ्याच्या आदल्या दिवशी पोतेभर ढेप पुढे टाकली तर बैल आजारी पडेल, हे आपल्याकडचे लहान पोरही सांगेल. बैलाच्या बाबतीत जे आपल्याला इतके स्वच्छ कळते, ते पोटच्या मुलाच्या बाबतीत का कळू नये?

सैन्य नेमके काय मागते, हे पुष्कळ पालकांना ठाऊक नसते, म्हणून थोडक्यात देतो. अग्निवीर जनरल ड्यूटीच्या मैदानी चाचणीत १.६ किलोमीटर धावायचे असते. साडेपाच मिनिटांच्या आत पोहोचणाऱ्या मुलाला पूर्ण ६० गुण मिळतात. बीमवर दहा वेळा अंग वर ओढले की ४० गुण, आणि सहा वेळांपेक्षा कमी झाले तर अनुत्तीर्ण. शिवाय नऊ फुटांचा खड्डा उडी मारून पार करायचा आणि वेड्यावाकड्या अरुंद फळीवरून तोल सांभाळत चालायचे. छाती फुगवल्यावर किमान पाच सेंटिमीटर वाढली पाहिजे. वजन उंची आणि वय यांच्या प्रमाणात पाहिजे. जास्त चालत नाही, तसेच फार कमीही चालत नाही. नियमांत वेळोवेळी बदल होतात, म्हणून त्या त्या वर्षाची जाहिरात स्वतः वाचावी. ऐकीव माहितीवर जाऊ नये.

साडेपाच मिनिटे हा शब्द ऐकायला सोपा वाटतो. चारशे मीटरच्या मैदानावर हे चार फेरे होतात आणि प्रत्येक फेरा साधारण ८२ सेकंदांत पूर्ण करावा लागतो. अंगावर दहा-बारा किलो जादा असतील, तर तो मुलगा बारा किलो संत्र्यांचे पोते पाठीवर घेऊन धावतो आहे असे समजा. तेच पोते घेऊन त्याला बीमवरही लटकायचे आहे. पाय एक वेळ ते सोसतील. हात सोसत नाहीत. वजनदार मुले धावण्यात कशीबशी निघतात आणि बीमवर अडकतात, ती यामुळेच.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पूर्वी आधी मैदान आणि मग लेखी परीक्षा असे. २०२३ पासून क्रम उलटा झाला आहे. आधी संगणकावर लेखी परीक्षा, तीत निवडले गेले तरच मैदानाचे बोलावणे. २०२५ पासून ही परीक्षा मराठीतूनही देता येते, ही आपल्या शाळेच्या दृष्टीने आनंदाची बाब आहे. परंतु या उलट्या क्रमाने एक नवीनच अडचण निर्माण केली. मुले चार-सहा महिने क्लासमध्ये बसून राहतात, वजन वाढते, आणि निकाल लागल्यावर धावपळ सुरू होते. शिवाय १९५६ साली नागपूर तिकडे गेले आणि आपला मुलूख मध्य प्रदेशात राहिला. त्यामुळे घरात मराठी बोलणारा आणि बाजाराला नागपूरला जाणारा आपला मुलगा नागपूरच्या भरतीत उभा राहू शकत नाही. त्याला मध्य प्रदेशातल्या दूरच्या शहरी जावे लागते. रात्रभर प्रवास, अर्धवट झोप, पहाटेच्या अंधारात रांग आणि मग धावणे. अशा वेळी अंगात साठवलेले बळच कामी येते. ते तीन आठवड्यांत साठत नाही.

काही मुले आम्हांस म्हणतात, “सर, आमचं अंगच जाड आहे, आम्ही कुठले धावतो!” त्यांनी अविनाश साबळे यांची कथा जरूर समजून घ्यावी. बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यात मांडवा नावाचे लहान गाव आहे. तेथील शेतकऱ्याचा हा मुलगा. शाळा सहा किलोमीटरवर आणि गाडी नाही, म्हणून पायीच जाणे-येणे. बारावीनंतर ते महार रेजिमेंटमध्ये भरती झाले. १९४१ साली बेळगाव येथे उभी राहिलेली ही रेजिमेंट. तिचे केंद्र आज आपल्याच राज्यात, सागरला आहे. साबळे यांनी सियाचीनच्या बर्फात, राजस्थानच्या वाळवंटात आणि सिक्कीममध्ये नोकरी केली. २०१५ साली ते प्रथम सैन्याच्या क्रॉसकंट्री शर्यतीत उतरले. म्हणजे वयाची विशी ओलांडल्यावर त्यांनी धावपटू म्हणून सुरुवात केली. मध्यंतरी त्यांचे वजन बरेच वाढले होते. सैन्यातील प्रशिक्षक अमरीश कुमार यांच्या देखरेखीखाली त्यांनी वीसेक किलो वजन उतरवले आणि मग अडथळ्यांच्या शर्यतीत, म्हणजे स्टीपलचेसमध्ये, पाय रोवला. २०१८ साली त्यांनी गोपाल सैनी यांचा १९८१ पासून अबाधित असलेला राष्ट्रीय विक्रम मोडला. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्यपदक, २०२३ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत सुवर्णपदक आणि २०२४ मध्ये पॅरिस येथे ३,००० मीटरसाठी ८ मिनिटे ९.९१ सेकंद. या वेगाने १.६ किलोमीटर सुमारे ४ मिनिटे २१ सेकंदांत होतात, आणि तेसुद्धा अडथळे व पाण्याचे खड्डे ओलांडत.

यावर एखादा चतुर विद्यार्थी म्हणेल, “साबळे यांनी ते वजन काही महिन्यांतच उतरवले असे वाचले आहे; मग आम्हांलाच सहा महिने का?” प्रश्न योग्य आहे. उत्तर असे की, साबळे हे तेव्हा पूर्ण वाढीचे, कसलेले जवान होते. सोबत प्रशिक्षक होता, मोजून-मापून जेवण होते आणि दिवसभराचे कामच मुळी सराव हे होते. काळा चहा आणि काकडीवर कोणी स्टीपलचेस धावत नाही. आणि त्यांच्या पायांत शाळेच्या वाटेचे ते रोजचे सहा किलोमीटर आधीच साठलेले होते. आपल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाचे शरीर अजून वाढते आहे. त्याला उपाशी ठेवणे म्हणजे उभ्या पिकाचे पाणी तोडणे होय. वाढत्या वयात पुष्कळदा वजन उतरवण्याचीही गरज पडत नाही. खाणे नीट झाले, हालचाल वाढली आणि वजन आहे तिथे थांबले, की उंची वाढता वाढता प्रमाण आपोआप जमून येते. म्हणून हे काम आठवीत सोपे, दहावीत जड आणि भरतीच्या पत्रानंतर जवळजवळ अशक्य.

रोजच्या व्यायामाची परंपरा आपल्याला परकी नाही. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानातील शाळांमधून सूर्यनमस्कार हा रोजचा पाठ केला होता. आपल्या शेजारच्या अमरावतीला वैद्य बंधूंनी १९१४ साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ सुरू केले. तेथील पथकाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिके करून दाखवली. आणि आपल्याकडे तर सौंसरजवळ जामसावळीला मारुतीराया आहेत. शनिवार-मंगळवारी आपण भक्तिभावाने दर्शनाला जातो. पण ज्या देवाला प्रत्येक आखाड्यात बळाचा देव म्हणून पूजतात, त्याच्या दारातून परत येऊन आपण दोन बैठकाही काढत नाही, हे त्याला कसे वाटत असेल?

आपली खरी अडचण जोशाची नाही. जोश आपल्याकडे भरपूर आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन्ही काठांवर पांढुर्णा आणि सावरगाव उभे राहतात, तेव्हा तो साऱ्या देशाला दिसतो. गोटमारीच्या बऱ्या-वाईटाचा वाद आम्ही येथे उकरीत नाही. परंतु भरतीचे स्वप्न पाहणाऱ्या मुलाने एवढे ओळखावे की, एक गोटा डोळ्याला लागला किंवा हाताचे बोट वाकडे राहिले, तर वैद्यकीय तपासणीत त्या एका दिवसापायी सारी मेहनत मातीमोल होऊ शकते. १२ जानेवारीचेही तसेच. २००७ पासून आपल्या राज्यातील शाळांत त्या दिवशी सामूहिक सूर्यनमस्कार होतात. छायाचित्रे निघतात, टाळ्या होतात. १३ जानेवारीला किती जण करतात? सैन्याला एका दिवसाचा जोश नको आहे. त्याला रोजचा, कंटाळवाणा, कोणी पाहत नसताना केलेला सराव हवा आहे.

या घाईतूनच एक अधिक वाईट वाट फुटते, तिचा उल्लेख टाळता येत नाही. ‘एक इंजेक्शन घे, दम लागणार नाही’, ‘ही पावडर घे, पंधरा दिवसांत अंग सुटेल’ असे सांगणारे मित्र सर्वत्र भेटतात. भरतीच्या मैदानावर अशी औषधे घेतल्याचे आढळले तर उमेदवार बाद होतो. बाद होणे परवडले. अनोळखी औषधाने हृदय किंवा मूत्रपिंड बिघडले तर आयुष्यभराचे दुखणे मागे लागते. पालकांनी आपल्या मुलाच्या पिशवीकडे थोडे लक्ष द्यावे. रागावण्यासाठी नव्हे, विचारपूस करण्यासाठी.

काही गोष्टी मात्र आधीच तपासून घेण्यासारख्या आहेत आणि त्यासाठी फारसा खर्चही येत नाही. नजर कशी आहे, रंग ओळखू येतात की नाही, दात किडले आहेत का, कानात मळ साचला आहे का, तळवे सपाट आहेत का, उभे राहिल्यावर गुडघे एकमेकांना लागतात का, हे डॉक्टरांकडून नववीतच पाहून घ्यावे. दात आणि कान वेळेवर नीट करता येतात. रंगांधळेपणा बरा होत नाही. पण तो नववीत कळला तर मुलगा वेळीच दुसरी वाट धरतो, चार वर्षे धावून शेवटच्या टेबलावर रडत नाही. गोंदण काढण्याची हौसही भरतीचा नियम वाचून मगच करावी.

मुलींनाही आम्ही हेच सर्व सांगत आहोत. सैन्याच्या महिला पोलीस दलात त्यांची भरती होते, तेथे १.६ किलोमीटर साडेसात मिनिटांत धावणारी मुलगी पहिल्या गटात येते. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत २०२२ पासून मुलींना प्रवेश मिळाला आणि मे २०२५ मध्ये त्यांची सतरा जणींची पहिली तुकडी उत्तीर्ण होऊन बाहेर पडली. पहाटे रस्त्यावर धावणे मुलींना सोयीचे नसते, म्हणून त्यांना शाळेचे मैदान अधिक गरजेचे आहे. तेथे त्यांची वेळ राखून ठेवणे हे आपले कर्तव्य होय.

‘सगळ्यांना थोडेच सैन्यात जायचे आहे?’ असे पालक विचारतील. बरोबर आहे, आणि जे जातील त्यांचेही पुढे काय, हाही विचार केला पाहिजे. २०२२ मध्ये आलेल्या अग्निपथ योजनेनुसार भरती चार वर्षांची असते आणि त्यातून कमाल पंचवीस टक्के जवानांनाच पुढे कायम केले जाते. बाकीचे तरुण पंचविशीच्या आतबाहेर गावी परत येणार. ज्याचे शरीर केवळ भरतीपुरते तयार झाले, त्याचे ते निवड न झाल्यावर, किंवा चार वर्षांनी, पुन्हा पूर्वपदावर येते. ज्याला सवय लागली, त्याच्यापुढे निमलष्करी दले आहेत, पोलीस दल आहे. आणि काहीच नाही मिळाले तरी बाप-दाद्याची शेती करायला, संत्र्याचे क्रेट उचलायला धडधाकट देह आहे. सैन्यात जागा सर्वांना मिळणार नाही, पण निरोगी शरीर मिळवण्यासाठी कोणाच्या निवडयादीची वाट पाहावी लागत नाही. मधुमेह आणि रक्तदाब आज आपल्या घराघरांत शिरले आहेत, हेही विसरू नये.

म्हणून काही सूचना करतो.

विद्यार्थ्यांनी आठवीपासून रोज चाळीस मिनिटे द्यावीत. पहिला महिना नुसते झपाझप चालणे आणि मधून मधून हलके धावणे. पुढे धावण्याचा भाग थोडा थोडा वाढवावा. आठवड्यातून एकदाच घड्याळ लावून वेगाने धावावे. रोज वेग काढू नये. डांबरी रस्त्यावर रोज धावल्याने नडगी दुखू लागते, म्हणून मैदानाची किंवा शेताच्या धुऱ्याची माती बरी. बीमवर पहिल्या दिवशी एकही जमणार नाही. नुसते लटकावे, मग स्टुलावरून वर जाऊन सावकाश खाली यावे. काही महिन्यांत पहिला निघतो आणि पहिला निघाला की दहा दूर राहत नाहीत. रात्री मोबाईल बाजूला ठेवून सात-आठ तास झोपावे. ज्यांचे वजन फार जास्त आहे, ज्यांना दम लागतो किंवा चक्कर येते, त्यांनी आधी डॉक्टरांना दाखवूनच सुरुवात करावी.

पालकांनी ताटाकडे पाहावे. महागड्या डब्यातली पावडर लागत नाही. ज्वारीची भाकर, तुरीचे वरण, हिरवी भाजी, मोड आलेली मटकी, भिजवलेले चणे, शेंगदाणे, ताक, आणि ज्यांना चालते त्यांच्यासाठी अंडी. हे सर्व आपल्याच बाजारात आणि पुष्कळसे आपल्याच शेतात आहे. एक मोठा समोसा अंगातून घालवायला जवळजवळ अर्धा तास धावावे लागते, हे मुलांना एकदा सांगून ठेवावे. चहात बुडवलेली खारी आणि दहा रुपयांचे चिप्सचे पुडे हळूहळू कमी करावेत. आणि दोन किलोमीटरवरच्या शाळेत मुलाला मोटारसायकलवर आणून सोडू नये. साबळे यांना कोणी सोडायला जात नव्हते.

विश्वस्त मंडळाकडे आमच्या चार मागण्या आहेत. पहिली, नववी-दहावीचा खेळाचा तास कोणत्याही विषयाला देण्यास लेखी मनाई करावी. याने निकाल घसरेल ही भीती आम्हांस वाटत नाही; सकाळी घाम गाळलेला मुलगा दुपारी वर्गात डुलक्या घेत नाही. दुसरी, शाळेचे मैदान सत्र चालू असताना मंडपासाठी भाड्याने देऊ नये. त्या भाड्याचे महत्त्व आम्ही जाणतो, पण नंतर महिनाभर मुलांच्या पायांत खिळे आणि काचा लागतात. तिसरी, लोखंडी पाइपांचे दोन बीम आणि वाळू भरलेला नऊ फुटांचा एक खड्डा करून द्यावा. माजी विद्यार्थ्यांपैकी कोणी वेल्डिंगवाला हे काम आनंदाने करील अशी आमची खात्री आहे. चौथी, वर्षातून दोनदा प्रत्येक विद्यार्थ्याची उंची व वजन नोंदवणारी वही ठेवावी. ती भिंतीवर लावू नये, कोणाला हिणवण्यासाठी वापरू नये. जाड मुलाला ‘ढोल्या’ म्हणणारा वर्ग त्याला मैदानापासून कायमचा दूर लोटतो, हे शिक्षकांनीही लक्षात ठेवावे.

आणि आम्ही शिक्षक काय करणार? येत्या सत्रापासून आमच्यापैकी काही जण रोज सकाळी साडेसहाला मैदानावर हजर राहणार आहोत. आमची स्वतःचीही पोटे सुटलेली आहेत. मुलांबरोबर धावताना आम्हांस धाप लागेल, मुले हसतील. हसू द्यावे. दुसऱ्याला तीन वर्षांचा सराव सांगणाऱ्याने निदान पहिला फेरा तरी सोबत मारला पाहिजे.

तो मुलगाही येणार आहे. वयाच्या अटीत त्याला अजून एक संधी शिल्लक आहे. सहा महिन्यांपासून तो पोटभर जेवतो आहे, रोज पळतो आहे आणि त्याचे वजन सावकाश उतरते आहे. मागच्या आठवड्यात त्याने बीमवर सात काढले. निवड होईल की नाही, हे आम्ही सांगू शकत नाही. परंतु लहान मुलांना बीम कसा धरायचा हे त्यानेच शिकवावे, अशी विनंती आम्ही त्याला केली आणि त्याने ती मान्य केली आहे. त्याच्या आईने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर द्यायला आम्हांस उशीर झाला. निदान यापुढे दुसऱ्या कोणा माउलीला तो प्रश्न विचारावा लागू नये, एवढीच आपणा सर्वांकडे मागणी.